मावशी नावाची डबी

९ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळ,

तुझा पत्ता आपल्या मामेबहिणीकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस, ती तीन वेळा नाही म्हणाली. चौथ्या वेळी मी रडले तेव्हा तिने दिला. रडणं थोडंफार खरंही होतं.

सात वर्षांनी लिहितेय आणि कामासाठीच लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तू म्हणशील, ताई एवढं गोड बोलतेय म्हणजे हिला काहीतरी हवंय. हवंय. मला कामावरून काढायला निघालेत. चोरीचा आळ आहे. सोन्याच्या चोरीचा.

हसू आलं असेल तर हस. हसतील त्यांचे दात दिसतील, आणि लोकांचे दात बघण्यातच माझा जन्म गेला.

म्हातारे मालक दोन वर्षांपूर्वी वारले. आता दातांच्या लॅबचं सगळं त्यांचा जावई बघतो. सोन्याचे दात हल्ली कोण बसवतं? सगळ्यांना पांढरे हवेत, आणि ते यंत्र करतं. म्हणून जावयाने ठरवलं की आपलं सोन्याचं टेबल बंद करायचं आणि उरलासुरला धातू मोजून विकून टाकायचा. सोमवारी सकाळी दोन माणसं आणि नवा वजनकाटा घेऊन आला आणि प्रत्येकाचा खण उघडायला लावला. माझ्या खणात, मेणाच्या कांड्यांखाली, मावशी सापडली.

"बाई, हे काय?"

मी म्हटलं, "मावशी."

कुणी हसलं नाही. डबीत साडेअकरा ग्रॅम कीस आणि तुकडे निघाले. कवळीवाले काका प्लास्टरच्या जबड्यात डोकं घालून बसले. पॉलिशवालीने तर मोटर चालू केली, म्हणजे काही ऐकूच यायला नको. दोघांनीही त्या डबीतून किती वेळा घेतलंय ते तुला माहीत आहे. काकांनीच तर तिचं बारसं केलं होतं, 'माय मरो पण मावशी जगो' म्हणत. पण काकांना निवृत्तीला आठ महिने राहिलेत, आणि पॉलिशवालीच्या घरी कमावणारी ती एकटी. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला?

म्हणून तुला लिहितेय. तिथली नोकरी जाईल ही भीती नसलेली तू एकटीच आहेस. तू येऊन एवढंच सांगायचं, की डबी सगळ्यांची होती, कुणा एकीची नव्हती, आणि त्यातलं गुंजभर सोनंही कुणी घरी नेत नव्हतं.

जुनं उगाळायला नको. तुझी घट जास्त निघाली, सोनं वजनात कमी भरलं, त्या दिवशी मावशी रिकामी होती. त्यात माझा दोष काय होता, ते मला अजून कळलेलं नाही. पण तुला राग धरायचा तो तू धरलास, आणि मी तो सात वर्षं सोसला. आता पुरे कर.

तुझे भाऊजी बरे आहेत. गुडघे सोडून.

तुझी ताई

२ मार्च

प्रिय शेंडेफळ,

उत्तर नाही. ठीक आहे. तू लहानपणी रुसलीस की पलंगाखाली जाऊन बसायचीस, आणि आपण कुठे आहोत हे कुणालाच माहीत नाही असं समजायचीस. पाय बाहेर असायचे.

चौकशी झाली. जावई, त्याचा हिशेबनीस आणि एक बाहेरचे गृहस्थ, असे तिघं. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीचा निकाल अर्ध्या तासात लागला. बडतर्फीचं पत्र टपालाने आलं, त्यात माझं पद 'मदतनीस' असं लिहिलंय. चोर म्हणालात ते म्हणालात, पण मदतनीस? त्या शहाण्याच्या सासऱ्याच्या तोंडातली कॅपसुद्धा मी केलेली होती.

त्याच आठवड्यात पोलिसांत तक्रार गेली. ठाण्यात एक हवालदार होता, माणूस वाईट नव्हता, पण त्याला काही केल्या कळेना. "तुमची मावशी राहते कुठे?" असं त्याने दोनदा विचारलं. शेवटी मी खुर्ची ओढून बसले आणि त्याला नव्या मुलीला शिकवावं तसं शिकवलं. म्हटलं, हे बघा, सोन्याचा दात करायचा तर आधी तो मेणाचा करायचा. त्यावर साचा बसवायचा, मेण जाळून टाकायचं आणि त्या पोकळीत सोनं ओतायचं. मग घासायचं. घासताना सोनं उडतं. किती उडालेलं चालेल ते मालकाने ठरवलेलं असतं, त्याला आम्ही घट म्हणतो. ज्याचा हात हलका त्याचं कमी उडतं, थोडं वाचतं. ते घरी न्यायचं नाही, मावशीत टाकायचं. उद्या कुणाचं ओतकाम बिघडलं, घट जास्त गेली, की मावशी भरून काढते. मालकाला त्याचं वजन बरोबर मिळतं आणि कुणाची नोकरी जात नाही.

"म्हणजे मालकाला हे माहीत नव्हतं?"

"माहीत असतं तर मावशी कशाला लागली असती?"

त्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. माझ्या वकीलबाईंनी वाचलं आणि कपाळावर हात मारला. तरुण आहेत, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. म्हणाल्या, "यापुढे मी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." तुझे भाऊजी शेजारी बसले होते. म्हणाले, "मी तीस वर्षं प्रयत्न केला, तुम्ही करून बघा."

ते बाहेर असं बोलतात आणि घरी आल्यावर भिंतीकडे बघत बसतात. शेजारीण परवा साखर परत द्यायला आली ती दारातूनच देऊन गेली. आत ये म्हटलं तर म्हणाली, घाई आहे. तिला कधीच कसली घाई नसते.

जामिनासाठी घराचे कागद लागले म्हणून आईचं कपाट उघडलं. तू घरी आलीस की आई त्या कपाटाला कुलूप लावायची. तुझं काम सुटल्यानंतरची गोष्ट म्हणतेय मी. तुझ्या नकळत लावायची, निदान तिला तसं वाटायचं. तुला ते दिसलं होतं हे मला माहीत आहे, कारण त्यानंतर तू आलीच नाहीस. आई गेली त्या दिवशी आलीस तीही दारापर्यंतच.

आता तशी नजर माझ्यावर रोज पडते. दुकानदार माझ्या पिशवीकडे बघतो. मग मला तू आठवतेस. आधीही आठवायचीस, पण एवढी नाही.

येशील का गं?

तुझी ताई

२३ मार्च

शेंडेफळ,

वकीलबाईंचा फोन आला. तू त्यांना फोन केलास म्हणे. मला नाही, त्यांना! त्यांचं नाव-गाव तुला मामेबहिणीनेच सांगितलं असणार, तिच्या पोटात काही राहायचं नाही. पण तू येतेस. सोळा एप्रिलच्या तारखेला येतेस आणि साक्ष देतेस.

फोन ठेवल्यावर मी भाऊजींना सांगितलं. ते गुडघे विसरून उठले आणि चहा टाकला. महिन्याभरात पहिल्यांदा आम्ही दोघं पोटभर जेवलो. वकीलबाई म्हणाल्या, एवढ्या एका साक्षीवर केस उभी राहते. डबी सगळ्यांची होती, कामापुरती होती, म्हणजे चोरीचा हेतूच नव्हता. नाहीतर शिक्षा होऊ शकते, तुरुंगाचीसुद्धा. हे त्या मला पहिल्यांदाच इतकं स्पष्ट बोलल्या.

मग त्यांनी सांगितलं, की समोरचा वकील तुला सोडणार नाही. "तुम्हाला स्वतःला सोन्याच्या चोरीवरूनच काढलं होतं ना?" हे तो भर कोर्टात विचारणार. तुला त्यांनी हे आधीच सांगून ठेवलं. त्यावर तू काय म्हणालीस ते त्यांनी वहीत टिपून घेतलं होतं, ते मला वाचून दाखवलं.

"विचारू देत. माझ्या वेळी डबी रिकामी होती. नसती तर ताईने मला वाचवलंच असतं."

वाचवलंच असतं. असंच म्हणालीस ना तू?

मला वाटत होतं तू माझा राग करतेस. सात वर्षं मी तेच धरून चालले होते, आणि खरं सांगायचं तर ते मला सोयीचं होतं. तू माझ्यावर रागावली नव्हतीस? नुसती लाज वाटून लांब राहिलीस?

मी पुन्हा लिहीन. आज एवढंच.

ताई

२६ मार्च

शेंडेफळ,

हे पत्र बसून वाच. आणि वाचून झाल्यावर सोळा तारखेचं तिकीट काढलं असशील तर रद्द कर. माझ्यासाठी साक्ष द्यायला येऊ नकोस.

त्या दिवशी मावशी रिकामी नव्हती.

तुला आठवतं ते तुझ्या बाजूने आठवतं. आता माझ्या बाजूने ऐक. तीन दातांचा जोड होता तुझ्याकडे. पहिलं ओतकाम फसलं, मधे भोक राहिलं. तू पुन्हा ओतलंस, आणि घट जाऊ नये तेवढी गेली. जेवणाच्या सुट्टीआधी म्हातारे मालक अचानक वजनं घ्यायला आले. ते तुझ्या टेबलाकडे निघाले तेव्हा तू आपल्या ठरलेल्या रीतीने, मान वर न करता विचारलंस, "ताई, मेण आहे का?"

किती वर्षं आपण तसं विचारत होतो! मग जिच्याकडे मावशी असेल तिने मेणाची कांडी पुढे करायची, आणि कांडीच्या खालच्या अंगाला हवं तेवढं सोनं दाबून चिकटवलेलं असायचं. मालकांच्या नाकासमोरून गेलेल्या आहेत तशा कांड्या.

मावशी त्या दिवशी माझ्या एप्रनच्या खिशात होती. भरलेली होती. तुला ग्रॅमभराहूनही कमीच हवं होतं. तयार कांडी माझ्या हाताखाली होती, सकाळीच करून ठेवलेली.

आणि मी म्हटलं, "संपलंय."

तू एकदाच माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं, खरंच संपलंय. मालकांनी वजन केलं, पुन्हा केलं, आणि पुढचं तुला माहीत आहे.

भीती वाटली म्हणून, असं लिहिता आलं असतं. मालक दोन पावलांवर होते, भीती होतीच. पण भीती तर दर वेळी असायची. आठ दिवस आधी त्यांनी तू केलेली एक दाढ माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. म्हणाले, "बाई, हे बघा. असं काम हवं." मी तुला चाकू धरायला शिकवलेलं. माझ्या टेबलावर, माझ्या भिंगाखाली. सगळ्यांसमोर मी हसले आणि म्हटलं, बहीण कुणाची आहे! घरी येऊन भाऊजींशी कारण नसताना भांडले. चार दिवसांनी कानावर आलं की टेबलाची प्रमुख तुला करायचं चाललंय.

माझा जळफळाट झाला, शेंडेफळ. माझ्या सख्ख्या बहिणीवर. आणि तू मेण मागितलंस तेव्हा मनात आलं, होऊ दे हिची जराशी फजिती. बोलणी खाईल, संध्याकाळी मीच समजूत काढीन. मला वाटलं होतं एवढंच होईल. तुला त्याच पावली घरी पाठवतील, चोर म्हणतील, हे मनातसुद्धा नव्हतं. पण ते झालं तेव्हाही मी खिशात हात घालून उभी होते. तेव्हा बोलले असते तर मी, काका, सगळेच गेलो असतो. मग संध्याकाळ झाली, तुला म्हटलं, मावशी रिकामी होती गं. दुसऱ्या दिवशी तेच सांगणं सोपं गेलं. पुढे पुढे मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं.

आता मला वाचवण्यासाठी तू कोर्टात उभी राहणार, आणि 'ताईने मला वाचवलंच असतं' हे शपथेवर सांगणार. ते मला ऐकवणार नाही.

वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी वहीतली तुझ्या साक्षीची नोंद पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "हे तुम्ही कोर्टात बोललात तर ते विचारतील, डबी एवढी निर्मळ होती तर बहिणीचा बळी देऊन लपवली कशाला? मग केस बुडाली." मी म्हटलं, बुडू दे.

मी बोलणार आहे. तुझ्यावरचा आळ कागदावरून पुसला जाईल एवढं तरी माझ्याकडून होऊ दे.

ताई

१७ एप्रिल

प्रिय शेंडेफळ,

तू काल दुपारी गाडीत बसलीस. आता घरी पोचून हातपाय धुऊन निजलीही असशील. वकीलबाई म्हणतात निकाल पुढच्या सोमवारी, आणि शिक्षा होणार हे धरून चालायचं, किती ते बघायचं. काल माझं बोलून झाल्यावर समोरच्या वकिलाने एकही प्रश्न विचारला नाही. गरजच नव्हती त्याला.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

तू येऊ नकोस म्हटलं तरी आलीस. मी पिंजऱ्यात चढले तेव्हा शेवटच्या बाकावर दिसलीस. केस पांढरे झालेत तुझे, आणि मला ते कुणी सांगितलंच नव्हतं. जे लिहिलं होतं तेच मी तुझ्यासमोर पुन्हा बोलले. लेखनिकाला हळू बोला म्हणावं लागलं नाही, इतकी हळू बोलत होते.

नंतर बाहेरच्या लांब ओट्यावर तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. वाटलं, आता कानाखाली वाजवशील. वाजवायला हवी होतीस. तू म्हणालीस, "सात वर्षं मला वाटायचं माझाच हात वाईट आहे. मी पुन्हा कधी काट्यासमोर उभीसुद्धा राहिले नाही." मग तू विचारलंस, "आईला सांगितलं होतंस? जायच्या आधी?"

आणि मी म्हटलं, "हो. सगळं सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मला माहीतच होतं. माझी धाकटी असं करणार नाही."

तुझा चेहरा बदलला. तिथे खांबाला टेकून तू रडलीस, लहानपणी रडायचीस तशी, नाक पुसायचंही भान न ठेवता. मग माझ्या हातातली पिशवी घेतलीस, माझा दंड धरून पायऱ्या उतरवल्यास. ताई म्हणालीस. चहाच्या टपरीवर आपण एका बाकावर बसलो आणि तू मला तुझं घर, तुझं शिवणकाम, वरच्या मजल्यावरची भांडखोर बाई, सगळं सांगितलंस. भाऊजींनी तुला इतक्या वर्षांनी चिडवलं, आणि तू त्यांना चिडवलंस. तुरुंगात गेलीस तर महिन्याला येईन म्हणालीस. निकालाआधी, येत्या रविवारी, राहायला येते म्हणालीस.

कालच्या त्या तासाभरासाठी मी आणखी काय काय खोटं बोलले असते, त्याचा नेम नाही. रात्रभर स्वतःला सांगितलं, कुणाचं नुकसान झालं? आई तर गेली. धाकटीला बरं वाटतंय, मला बरं वाटतंय. मग आठवलं की तुला कामावरून काढलं त्या संध्याकाळीही मी स्वतःची अशीच समजूत घातली होती.

मी आईला काही सांगितलं नाही. त्यानंतर दोन वर्षं तिच्यासोबत एका घरात राहिले, तिचं सगळं केलं, आणि हे सांगितलं नाही. शेवटच्या आठवड्यात तिने आपण होऊन विचारलं होतं. दुपार होती, मी तिचे केस विंचरत होते. म्हणाली, "धाकटीने खरंच घेतलं होतं का गं?" एक शब्द बोलायचा होता. नाही, एवढाच.

मी म्हटलं, "जाऊ दे ना आई, आता कशाला."

ती "बरं" म्हणाली आणि कूस बदलली. पुन्हा तिने विचारलं नाही. ती तुला चोर समजूनच गेली, शेंडेफळ. मी तिला तसंच जाऊ दिलं.

माझी धाकटी असं करणार नाही, हे वाक्य माझं आहे. आईचं नाही. ते मी तिथल्या तिथे रचलं.

क्षमा मागत नाही. तुझ्यापाशी मागण्यासारखं माझं काही उरलेलं नाही. फक्त आता काहीही लपवलेलं नाही, एवढं खरं मान, आणि तेही मानलं नाहीस तरी तुझं बरोबर आहे.

भाऊजी म्हणतात, निदान रविवार तरी जाऊ दे, मग टाक पत्र. ते काल किती दिवसांनी हसले होते. पण मी आत्ताच टपालपेटीकडे निघाले आहे. पत्र गुरुवारपर्यंत तुला मिळेल. रविवारी तू आली नाहीस की मी समजेन, पोचलं.

ताई